दुसरा कान

पितळ वितळवायची मूस धड आहे की तडकलेली, हे नुसतं बघून कळत नाही. मूस म्हणजे बादलीएवढं जाड, काळं भांडं. भट्टीत अनेकदा जाऊन आल्यावर त्याच्या अंगावर काजळी आणि धातूचे ओघळ इतके साचतात, की काळ्यात काळा तडा शोधणार कुठे? म्हणून मूस वाजवतात. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवायची आणि लाकडी हातोडीने कडेला एक हलका ठोका द्यायचा. धड असेल तर खणकन वाजते आणि तिचा आवाज थोडा वेळ मागे रेंगाळतो. तडा असेल तर बद्द. मग ती भट्टीत घालायची नाही, कारण वितळलेलं पितळ घेऊन दोन माणसं चालत असताना तिचं बूड सुटलं, तर ते आधी त्यांच्या पायांवर येतं.

माझे यजमान ह्या आवाजाचे मास्तर होते. नळाच्या तोट्या आणि झडपा ओतणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली, त्यातली सोळा भट्टीमास्तर म्हणून. पाठीमागे सगळे त्यांना 'कान' म्हणायचे. "आज कान खुशीत दिसतोय." "कानाला विचारलंस का आधी?" घरापर्यंत हे नाव आलं होतं आणि ह्यांना ते आवडायचं.

कारखान्यात एक जुना दंडक होता. सकाळी मुशी वाजवायला दोन माणसं लागत. एक ठोका देणार. दुसरा भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभा राहणार. ठोका पडला की दोघांनी एकदमच बोलायचं, 'वाजली' किंवा 'बद्द'. दुसऱ्याचं ऐकून मग आपलं सांगायचं नाही. दोघांनी 'वाजली' म्हटलं तरच मूस भट्टीत. एकाने जरी 'बद्द' म्हटलं, तर तिथल्या तिथे घणाने फोडायची. आणि फोडल्यावर तुकडे बघायचे नाहीत. कोणाचा कान खरा निघाला ते शोधायचं नाही, तुकडे सरळ भंगारात. ज्यांच्या हाताखाली हे शिकले त्या जुन्या मास्तरांनी एका हौशी कामगाराला तुकडे उचलून तडा शोधताना पकडलं होतं. आठवडाभर त्याला भट्टीजवळ फिरकू दिलं नाही.

लग्नानंतर ह्यांनी हे मला सांगितलं तेव्हा मी नुकती पदवी घेऊन बाहेर पडलेली. मला वाटलं, काय हा अडाणीपणा. चूक कोणाची ते बघायलाच नको?

"अगं, जो चुकलेला निघतो तो दुसऱ्या दिवसापासून तोंड उघडत नाही," हे म्हणाले. "आणि जो बरोबर निघतो, त्याचं तोंड मग बंद होत नाही."

तेव्हाचे हे असे होते. मूस फोडून आले की जेवताना गप्प असायचे. "चांगली असेल गं कदाचित. उगाच फोडली असेल." मी म्हणायची, "असेना. माणसं घरी गेली ना?" त्यावर मान डोलवायचे, पण घास तसाच हातात. स्वतःवर इतका संशय घेणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. मला त्यांची ती खोड फार आवडायची, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

दुसरा कान होता ह्यांचा धाकटा भाऊ. भावजींची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ते आमच्याकडेच, जिन्यावरच्या खोलीत. बोलायला भारी. "वहिनी, दादा घरी पण ठोका देतो आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहता का?" असं ताटावर बसून विचारायचे. हे डोळे वटारायचे आणि मग स्वतःच हसायचे. आमचा मुलगा काकांच्या खांद्यावर मोठा झाला. शाळेत जायला निघाला की काका त्याच्या डोक्यावर टिचकी मारून कान लावायचे आणि जाहीर करायचे, "वाजली! जाऊ द्या शाळेत."

मग जुने मालक गेले आणि त्यांचा मुलगा खुर्चीवर बसला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला चार लोकांना काहीतरी दाखवायची हौस. एकदा बाहेरची सात मोठी गिऱ्हाइकं कारखाना बघायला आली. मालक त्यांना सकाळी सकाळी मुशींपाशी घेऊन आले. ठोका हे देत होते, भिंतीकडे भावजी. पहिल्या चार नीट गेल्या. पाचवीला हे म्हणाले 'वाजली' आणि त्याच क्षणी भावजी म्हणाले 'बद्द'.

एकाने घण उचलला. मालक म्हणाले, "अरे थांबा थांबा. दोघांत कोण बरोबर ते कळायला नको? भरा की ती."

भावजी भिंतीकडून वळले. "साहेब, तसं करत नाहीत."

"का? घाबरलात?"

पाहुणे हसले. ह्यांनी एकदा भावाकडे बघितलं, एकदा पाहुण्यांकडे. मग म्हणाले, "भरा."

मूस भट्टीत गेली, पितळ वितळलं, दोघांनी ती उचलून साच्यांपर्यंत नेली. टिकली. संध्याकाळपर्यंत सहा वेळा टिकली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी ह्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि तो कचेरीत लावला. "आमच्या मास्तरांचा कान म्हणजे यंत्र आहे, यंत्र!" तडा असलेली मूससुद्धा कधी कधी आठवडा काढते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी बोललं नाही. त्या मुशीला तडा होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही.

त्या दिवशी जेवताना भावजी म्हणाले, "दादा, ताट वाजवून मग वाढू दे का वहिनींना?"

हे हसले नाहीत. "तुझा कान गेलाय. उद्यापासून तू वाळूकडे जा."

मला वाटलं, थट्टा चालली आहे. दुसऱ्या दिवशी भावजी खरंच वाळूकडे गेले. साच्यांची वाळू चाळायची, भिजवायची, पुन्हा चाळायची. नवशिक्यांचं काम.

भिंतीपाशी काही दिवस दुसरा एकजण नावापुरता उभा राहिला. तो ह्यांच्यानंतर अर्धा क्षण थांबून 'वाजली' म्हणायचा, म्हणजे म्हणायला दोघं. मग तेही बंद झालं आणि त्या भिंतीपाशी मास्तरांची खुर्ची आली.

माणूस एका दिवसात बदलत नाही. मला आठवतं ते असं, की ह्यांनी विचारणं सोडलं. आधी भाजी आणायला गेले तरी "काय आणू?" म्हणून दोनदा विचारायचे. आता आणून ठेवायचे. मुलाने पुढे काय शिकायचं, भिंतींना रंग कोणता, माझ्या गुडघ्याला मलम कोणतं, सगळं ठरलेलं असायचं. "डॉक्टर वेगळं म्हणाले होते," मी म्हणायची. "डॉक्टरला काय कळतंय?" शेजारपाजारचे माठ घेताना ह्यांना सोबत न्यायचे, आणि हे दुकानात एकेक माठ टकटक वाजवून निकाल दिल्यासारखे बोट दाखवायचे. दुकानदार मला बसायला स्टूल द्यायचा. खरं सांगते, मलाही ते आवडायचं. 'कानाच्या बायकोला' रांगेत उभं राहावं लागत नसे.

मुलगा तंत्रशिक्षणाची पदविका घेऊन त्याच कारखान्यात लागला. "खालून सुरुवात कर," हे म्हणाले आणि त्याला उचलायला लावलं. एक लांब लोखंडी दांडी, तिच्या मधोमध कडं, कड्यात तापलेली मूस, दोन टोकांना दोन माणसं. माझा मुलगा एका टोकाला. त्याने उचलायची ती प्रत्येक मूस त्याच्या वडिलांनी एकट्यांनी पास केलेली.

तेव्हापासून माझ्या सकाळी बिघडल्या. मी त्याचे बूट उलटे करून तळवे बघायची. पँट बुटाच्या वरून आली आहे ना, आत खोचली नाही ना, ते बघायची. आत खोचली तर धातू बुटात जातो.

"आई, मी सव्वीस वर्षांचा आहे."

"म्हणूनच बघते. सहाचा असतास तर घरी ठेवला असता."

ह्यांना ऐकू कमी येतंय, हे मला कधी कळलं ते नक्की सांगता येत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम पूर्वी त्यांचं असायचं, ते सुटलं. फोन वाजत राहायचा आणि हे शेजारी पेपर वाचत बसायचे. मग एक नवीन तक्रार सुरू झाली. "हल्ली सगळे पुटपुटतात. स्पष्ट बोलायची कोणाला सवयच नाही." गंमत अशी, की त्यात थोडं खरं होतं. त्यांच्यासमोर लोक खरंच हळू बोलायला लागले होते. आधी काय गेलं, ह्यांचा कान की लोकांचा आवाज, हे सांगणं कठीण आहे.

एक दिवस मी चिनी मातीच्या दोन बरण्या घेतल्या. एक धड, दुसरी पडून तडा गेलेली. हे माझ्याकडे पाठ करून पेपर वाचत होते. तडकलेल्या बरणीवर मी चमचा मारला. "अहो, ही कशी वाटते?"

"चांगली आहे."

पुन्हा तिच्यावरच मारला. "आणि ही?"

"तीही."

तिसऱ्यांदा मी चमचा मारलाच नाही. नुसतं विचारलं, "आणि ही?"

"सगळ्या चांगल्या आहेत. काय कटकट लावलीस?"

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, बरणी आणि मूस सारखी असते का? सात वर्षांत एक तरी मूस फुटली का, सांग." ते खरं होतं. भावजींना वाळूकडे पाठवून सात वर्षं झाली होती आणि एकही मूस फुटली नव्हती. हे चारचौघांत छाती काढून तेच सांगायचे.

मी भावजींना जिन्यात गाठलं. बरण्यांचं सांगायला लागले तर ते म्हणाले, "वहिनी, हळू बोला." मग खाली एकदा डोकावून बघितलं आणि पायरीवर बसले. "मला माहीत आहे. तीन-चार वर्षं तरी झाली."

"मग मुशी फुटत कशा नाहीत?"

"मी आधी जातो ना, वाळूकडे गेलो तेव्हापासून. पाऊण तास. रखवालदार दार उघडतो. मी सगळ्या बोटाच्या पेराने वाजवून बघतो. वाईट असेल ती घरंगळत नेऊन वाळूच्या ढिगामागे पुरतो. दादा आला की त्याच्यापुढे सगळ्या चांगल्याच असतात. त्याने काहीही म्हटलं तरी बरोबरच."

"एखादी कमी झाली तर त्यांना कळत नाही?"

"मोजायला माणूस ठेवलाय आता, तो मला सामील आहे. दादा मोजत नाही."

"अहो, पण तुम्ही सांगत का नाही?"

"सांगितलं होतं की एकदा. तेव्हापासून चाळतोय." ते हसले. "वहिनी, चाललंय ते बरं चाललंय. त्याचा मान राहतो, पोरं धड घरी येतात. माझा जातो तो फक्त पाऊण तास."

म्हणजे ज्या सात वर्षांवर हे उभे होते, ती ह्यांची नव्हतीच. ती भावजींनी रोज सकाळी, कोणी बघत नसताना, ह्यांच्या पायाखाली सारलेली होती. आणि ती जितकी सारावीत, तितके हे उंच होत होते.

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. महिनाभर बसलेही. मग भावजींना ताप आला. अंगात कणकण असताना ते सकाळी भिंत धरत जिना उतरले आणि कारखान्यात गेले. मी दारात उभी राहून बघत होते. माझ्या मुलाचे पाय ह्या एका माणसाच्या उठण्यावर आहेत, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. त्या दिवशी जेवताना मी विषय काढला. कानाच्या डॉक्टरकडे एकदा जाऊ या, असं म्हटलं.

"माझ्या कानाला डॉक्टर?" हे म्हणाले. "सात वर्षांत एक मूस फुटलेली दाखव."

"कारण ती भावजी आधीच बाजूला काढतात!"

बोलून गेले. ह्यांनी भावाकडे बघितलं. "खरं आहे?"

भावजी ताटात बघत म्हणाले, "वहिनी, पाणी द्या जरा." मग म्हणाले, "सहज बघतो रे दादा. सवय आहे जुनी."

"म्हणजे सात वर्षं तू माझी लाज झाकत होतास."

"लाज कसली त्यात? थकलेत कान. माझेही थकतील उद्या."

"उद्यापासून मुशींच्या खोलीला कुलूप. किल्ली माझ्याकडे राहील." आणि हे हात धुवायला उठले.

मी शिकलेली बाई. मला वाटलं होतं, माणसासमोर पुरावा ठेवला की तो विचार बदलतो. ह्यांनी पुरावा ऐकला आणि कुलूप विकत आणलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा घरी आला तो डोक्यात वाळू घेऊन. मी विचारलं, तर म्हणाला, "काका म्हणाले, वाळूत वाकून पाठ मोडली, थोडे दिवस तू चाळ, मी उचलतो. मुकादम पण हो म्हणाला." तो बिचारा खुशीत होता, हलकं काम मिळालं म्हणून.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. मुशी तपासता येत नाहीत, तर निदान पोराच्या जागी आपण उभं राहावं, म्हणून सत्तावन्न वर्षांच्या माणसाने दांडीचं टोक धरलं होतं. मला कळलं, आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण तसंच झालं. मी भावजींना काही बोलले नाही. त्या रात्री त्यांच्या पानात भाजी जास्त वाढली.

तिसऱ्या दिवशीचं मला मुलाने सांगितलं. वाळूचं काम मुशींच्या समोरच, मधे फक्त अंगण. सकाळी यंत्रं बंद असतात, शांत असतं. हे ठोके देत होते, चौदा माणसं कामाला लागायची वाट बघत उभी होती. चौथ्या मुशीला ठोका पडला. 'वाजली,' हे म्हणाले. भावजी दांडी घेऊन उभे होते. म्हणाले, "दादा, ही एकदा परत वाजव."

हे वळले नाहीत.

भावजी जरा मोठ्याने म्हणाले, "दादा, परत वाजव एकदा."

"पुढची घ्या," हे मुकादमाला म्हणाले.

भावजी मग बोलले नाहीत. का, ह्याचा मी खूप विचार केला. दांडी टाकली असती तर मुकादमाने माझ्या मुलाला परत बोलावलं असतं. किंवा सात वर्षं 'तुझा कान गेलाय' ऐकून त्यांचीही स्वतःवरची खात्री उडाली असेल. अकराच्या सुमाराला ती मूस भट्टीतून निघाली. भट्टीपासून साच्यांपर्यंत जेमतेम वीस पावलं. सातव्या पावलाला बूड सुटलं. पलीकडच्या टोकाचा माणूस मागे उडी मारून वाचला. त्याने दांडी सोडली तशी ती भावजींच्या बाजूला कलंडली.

भावजी त्यानंतर नऊ दिवस होते, दवाखान्यात. पाचव्या दिवशी चांगले शुद्धीवर आले. हे स्टुलावर बसले होते, मी पायथ्याशी पाण्याचा पेला घेऊन उभी. भावजींनी मान वळवली, श्वास गोळा केला, आणि ह्यांना नक्की ऐकू जावं अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "दादा, वाजली होती हं. मी ऐकलं."

हे म्हणाले, "मला माहीत होतं."

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकले. चौदा माणसांदेखत 'परत वाजव' म्हणणारा माणूस जाता जाता ते शब्द मागे घेत होता, भावाला जगता यावं म्हणून. आणि भावाने ते घेतले. पटकन घेतले, हक्काचे असल्यासारखे.

चौकशीला कारखान्यांचे सरकारी निरीक्षक आले. हे खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "माझा भाऊ स्वतः सांगून गेला, मूस वाजली होती." चौदांपैकी एकालाही त्या सकाळी काही ऐकू आलेलं नव्हतं. मुलाला विचारलं. त्याने वडिलांकडे बघितलं आणि म्हणाला, "मी वाळूकडे होतो." मालकांनी दोष मुशीच्या मालावर टाकला. ठरलं असं, की सोमवारपासून काम सुरू, मास्तर तेच. आणि उचलायला माणूस कमी पडत होता, म्हणून मुलगा परत दांडीला.

रविवारी मुलगा बुटांना तेल लावत बसला होता. मी त्याला म्हटलं, "तू खोटं बोललास."

"मग काय करू? बाबांना तुरुंगात घालू?"

"आणि उद्या तू उचलणार?"

"काका गेले आई. आता कोणीतरी उचलायला नको का?"

सोमवारी कचेऱ्या उघडायच्या आधी मी निरीक्षकांच्या दारात होते. घरी सांगितलं नव्हतं. बरण्यांचं सांगितलं, तिसऱ्यांदा न मारलेल्या चमच्याचंही सांगितलं, वाळूच्या ढिगामागे पुरलेल्या मुशींचं सांगितलं. ते लिहायचे थांबले. "बाई, तुम्ही त्यांच्या पत्नी ना?"

"हो. आणि उचलणाऱ्याची आई."

त्यांनी तिथूनच फोन करून त्या दिवसाच्या भट्ट्या थांबवल्या. वाळूचा ढीग उकरला तर एकोणीस मुशी निघाल्या. ह्यांची तपासणी झाली. मी बरोबर गेले, माझ्याशी बोलत नव्हते तरी. डॉक्टरांनी कागद दाखवून समजावलं: समोरच्याचं बोलणं जवळजवळ पूर्ण ऐकू येतं. बारीक, उंच आवाज मात्र गेलेत, बरीच वर्षं झाली असावीत. मूस वाजल्यावर जो आवाज मागे रेंगाळतो, तो ह्यांच्यासाठी नव्हताच. ह्यांनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. नोकरी सुटली. कारखान्यात भिंतीपाशी पुन्हा दुसरा माणूस उभा राहायला लागला.

घरात मात्र शांतता बसली. मी त्यांचा कान काढून घेतला, असं ते माझ्याकडे बघायचे. लागेल तेवढंच बोलायचे. मीही भांडले नाही. कोणत्या तोंडाने भांडणार? कुलूप माझ्या बोलण्यातून लागलं होतं.

आठ महिन्यांनी मी जिन्यावरची खोली आवरायला घेतली. भावजींचे कपडे कोणाला तरी द्यायचे म्हणून घड्या घालत होते. प्रत्येक खिशातून वाळू सांडत होती. हे दारात येऊन उभे राहिले, मग आत येऊन कॉटवर बसले. म्हणाले, "तो दोनदा म्हणाला, परत वाजव म्हणून."

मला वाटलं, त्यांना शेवटी कोणीतरी सांगितलं. मी म्हटलं, "जाऊ द्या. तुम्हाला कुठे ऐकू आलं?"

"आलं होतं."

मी शर्ट खाली ठेवला.

"दोन्ही वेळा आलं होतं. डॉक्टर म्हणाला ना, बोलणं ऐकू येतं."

"मग?"

"सगळे बघत होते गं," म्हणाले. "परत वाजवली असती तर सगळ्यांनी बघितलं असतं."

मला ओरडायचं होतं. पण समोर बसलेला माणूस इतका म्हातारा दिसत होता, की मी नुसती त्यांच्या शेजारी बसले. ते रडले नाहीत. मी रडले, भावजींसाठी, आणि एकेकाळी मूस फोडून आल्यावर घास हातात धरून बसणाऱ्या त्या माणसासाठीही.

मुलाला हे अजून माहीत नाही. तो अजूनही समजतो, की बाबांना ऐकू आलं नाही, बिचाऱ्यांचा काय दोष. ह्या महिन्यात मालकांनी त्याला भट्टीमास्तर केलं. तो चांगला आहे, काळजी घेणारा आहे, भिंतीपाशी रोज दुसरा माणूस उभा करतो. पण परवा मी विचारलं, "तो दुसरा माणूस कधी 'बद्द' म्हणतो का रे?" तर म्हणाला, "आई, आता तू मला शिकवणार का?" हसतच म्हणाला. त्याला वडिलांची सगळी गोष्ट सांगायला हवी. मी लिहिलेले हे कागद त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवणार आहे.